उपचारांसाठी ऑनलाइन वर्गणी आणि अमेरिकेतील वर्णविषमता

पिंपळपान (धागाकर्ता)

अमेरिकेत आजारपणाचा खर्च भागवण्यासाठी ऑनलाइन वर्गणी गोळा करण्याची रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की, मोठे ऑपरेशन ठरले की विम्याच्या कागदपत्रांबरोबर ‘गोफंडमी’ या वर्गणी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर पान उघडणे हेही घरच्यांचे एक काम होऊन बसते. ही कंपनी २०१० मध्ये सुरू झाली. २०१९ च्या सुमारास तिच्याच सांगण्यानुसार वर्षाला अडीच लाखांहून अधिक मोहिमा वैद्यकीय खर्चासाठी चालत होत्या आणि त्यांतून वर्षाकाठी ६५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमत होती. शिकागो विद्यापीठाच्या ‘नॉर्क’ या संशोधन संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ५ कोटी अमेरिकन लोकांनी अशा मोहिमांना पैसे दिल्याचे आढळले. २०२१ मध्ये तर कंपनीचे प्रमुख टिम कॅडोगन यांनीच जाहीर लेख लिहून, लोकांच्या मूलभूत गरजा भागवणे हे आमच्या संकेतस्थळाचे काम नसून सरकारने पुढे आले पाहिजे, असे अमेरिकन काँग्रेसला सांगितले.

एवढा पैसा जमतो हे खरे. तो कोणाला मिळतो, हा या धाग्याचा विषय आहे.

वॉशिंग्टन विद्यापीठातील नोरा केनवर्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये गोफंडमीवरच्या ६३७ वैद्यकीय मोहिमा यादृच्छिक पद्धतीने निवडून तपासल्या. कृष्णवर्णीय रुग्णांच्या मोहिमा लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी आढळल्या, त्यातही कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मोहिमा विशेषच कमी होत्या, आणि ज्या होत्या त्यांना गोऱ्या रुग्णांच्या मोहिमांपेक्षा कमी रक्कम मिळाली. त्यानंतर केनवर्दी आणि मार्क इग्रा यांनी २०१६ ते २०२० या काळातील ४,३७,५९६ मोहिमांचा हिशेब मांडला. या मोहिमांनी मिळून २ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी केली होती, परंतु आपले उद्दिष्ट गाठणाऱ्या मोहिमा केवळ १२ टक्के होत्या आणि १६ टक्के मोहिमांना एक डॉलरही मिळाला नव्हता. ज्या भागांत विमा नसलेले लोक जास्त आणि वैद्यकीय कर्ज जास्त, तिथल्या मोहिमांना पैसा कमी मिळाला. म्हणजे गरज जिथे मोठी तिथे मदत आटलेली.

यावर सहसा ऐकू येणारे स्पष्टीकरण असे की, दाता पानावरचा फोटो पाहतो, चेहरा काळा दिसला की त्याचा हात आखडतो. असे होत नसेल असे मी म्हणत नाही. पण माझ्या समजुतीप्रमाणे बरेचसे नुकसान दात्याने पान पाहण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेले असते. गोफंडमीवर अनोळखी परोपकारी माणसे रोज नवी पाने चाळत बसतात, हा समज चुकीचा आहे. पान चालते ते रुग्णाच्या आप्तांच्या, सहकाऱ्यांच्या, शाळासोबत्यांच्या फेसबुकवरून. प्रसिद्धी मिळालेली तुरळक मोहीम सोडली तर पहिला पैसा ओळखीचाच येतो आणि त्या पहिल्या पैशाच्या जोरावरच पान ओळखीच्या ओळखीपर्यंत पोहोचते. म्हणून तुमच्या ओळखीतली माणसे किती सधन आहेत, यावर तुमच्या ऑपरेशनचे भवितव्य ठरते.

आता फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीतले आकडे पाहा. गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००, हिस्पॅनिक कुटुंबाची सुमारे ६१,६००. त्यात ओळखीही आपापल्या वर्णातच फिरतात. पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या २०१३ च्या पाहणीत असे दिसले होते की, ज्यांच्याशी मनातले बोलावे अशा निकटच्या वर्तुळात तीन चतुर्थांश गोऱ्या लोकांच्या भोवती सगळे गोरेच होते. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की, सारख्याच आजारासाठी सारख्याच कळकळीने लिहिलेल्या दोन पानांवर वेगवेगळी रक्कम का जमते, हे समजायला दात्याच्या मनात शिरावे लागत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरी बाब आजाराच्या स्वरूपाची. लॉरेन बर्लिनर आणि केनवर्दी यांनी २०१७ मध्ये २०० मोहिमांचा अभ्यास केला होता. तिथे त्यांनी दाखवले की, या बाजारात यशस्वी व्हायचे तर आजार ‘मदतीला पात्र’ आहे असे पटवून द्यावे लागते. अचानक कोसळलेले, ज्यात रुग्णाचा काडीचाही दोष काढता येणार नाही आणि ज्याला काही निश्चित शेवट आहे, असे संकट लोकांना भिडते. अपघात भिडतो, लहान मुलाचा कर्करोग भिडतो. वर्षानुवर्षे चालणारा मधुमेह किंवा आठवड्यातून तीनदा करावे लागणारे डायलिसिस भिडत नाही. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय १३ टक्क्यांच्या आसपास आहेत, परंतु मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत त्यांचे प्रमाण सुमारे ३५ टक्के आहे. ज्या आजारांनी या समाजाला ग्रासले आहे ते आजारच या माध्यमाला न मानवणारे आहेत.

सभासदांपैकी जे अमेरिकेत राहतात किंवा या क्षेत्रात काम करतात, त्यांनी आपले मत आणि अनुभव अवश्य मांडावेत.

गणिती

धागा चांगला आहे, परंतु आकडे वापरताना थोडी सावधगिरी हवी असे वाटते. ६३७ मोहिमांच्या अभ्यासात रुग्णाचा वर्ण कोणी विचारलेला नाही. पानावरचे फोटो आणि मजकूर पाहून संशोधकांनी तो ठरवलेला आहे. दात्यालाही तेवढेच दिसते, त्यामुळे ही पद्धत अगदीच गैर म्हणता येणार नाही, मात्र मिश्रवर्णीय किंवा फोटो न लावलेल्या रुग्णांच्या बाबतीत ती डळमळीत होते. शिवाय हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. रक्कम कमी मिळाली ती वर्णामुळे, की गरिबीमुळे, की उद्दिष्टच कमी ठेवल्यामुळे, हे त्यातून निर्विवाद वेगळे काढता येत नाही.

दात्याच्या मनातला भेदभाव वेगळा काढून दाखवणारे पुरावे शेजारच्या क्षेत्रांत आहेत. ‘प्रॉस्पर’ या संकेतस्थळावर लोक अनोळखी लोकांना कर्ज देत असत आणि अर्जासोबत फोटो असे. डेव्हिन पोप आणि जस्टिन सिडनर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पतमानांकन सारखे असूनही कृष्णवर्णीय अर्जदाराला कर्ज मिळण्याची शक्यता २५ ते ३५ टक्क्यांनी कमी आढळली. नव्या प्रकल्पांसाठी लोकांकडून पैसा जमवणाऱ्या ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळावरील प्रकल्पांबाबत पीटर यंकिन आणि वेंकट कुप्पुस्वामी यांनी केलेल्या कामात, उद्योजकाचा वर्ण झाकला की तफावत नाहीशी होते असे निघाले. त्यामुळे ‘हात आखडतो’ हे स्पष्टीकरण तुम्ही इतक्या चटकन बाजूला सारू नये. अर्थात कर्ज आणि धंद्यासाठीचे भांडवल या गोष्टी निराळ्या, आणि शेजाऱ्याच्या मुलाच्या ऑपरेशनला पैसे देणे निराळे, हेही मान्य.

पिंपळपान

गणिती, वर्ण ओळखण्याच्या पद्धतीबद्दलची सूचना रास्त आहे. प्रॉस्परच्या उदाहरणात देणारा आणि घेणारा अनोळखी असतात. तिथे फोटोला मिळणारे वजन मोठे असते. वैद्यकीय मोहिमेत पहिले दाते ओळखीचे असल्यामुळे फोटोचा परिणाम नंतरच्या टप्प्यावर, म्हणजे पान अनोळखी लोकांपर्यंत जाऊ लागले की सुरू होतो. दोन्ही कारणे एकामागोमाग काम करतात, असे म्हणू या.

पण ‘वर्णामुळे की गरिबीमुळे’ या प्रश्नाची मांडणी मला पटत नाही. कृष्णवर्णीय कुटुंबांची संपत्ती कमी का, याचे उत्तर बऱ्याच अंशी सरकारी कागदपत्रांतच सापडते. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी शहरांचे जे नकाशे तयार झाले त्यांत कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने ‘धोकादायक’ दाखवल्या गेल्या. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने अशा वस्त्यांमधल्या कर्जांना हमी नाकारली. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठीच्या सवलती कृष्णवर्णीय सैनिकांपर्यंत फारच कमी पोहोचल्या. अमेरिकन मध्यमवर्गाची संपत्ती म्हणजे मुख्यत्वे राहते घर, आणि तेच ज्यांच्या आजोबांना घेऊ दिले गेले नाही त्यांच्या नातवाच्या मित्रमंडळात आज शंभर डॉलर सहज देऊ शकणारी माणसे कमी आहेत. संख्याशास्त्रात संपत्ती ‘नियंत्रित’ करून उरलेला फरक तेवढा वर्णाचा म्हणायचा, तर ज्या वाटेने वर्ण काम करतो ती वाटच आपण गणितातून वजा करून टाकतो.

गणिती

मान्य. फक्त धाग्यात तसे स्पष्ट लिहिलेले असावे, एवढाच माझा आग्रह होता.

जॉर्जियावासी

मी जॉर्जिया राज्यात एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात बरीच वर्षे काम करते, त्यामुळे हा विषय मला रोजच्या कामातून ठाऊक आहे. एक उदाहरण सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत.

आमच्या इमारतीत ठेकेदारामार्फत सफाईचे काम करणाऱ्या एक कृष्णवर्णीय बाई आहेत. त्यांच्या मुलाला सिकल सेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. तो एकोणीस वर्षांचा झाला आणि लहान मुलांसाठीचे सरकारी विम्याचे छत्र संपले. जॉर्जियाने मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याचा, पूर्ण विस्तार केलेला नाही, त्यामुळे या वयाच्या मुलाला नवे छत्र मिळणे अवघड होते. ठेकेदाराच्या नोकरीत बाईंना विमा नव्हता. वेदनांचा झटका येऊन मुलगा दोनदा भरती झाला आणि बिले माझ्याच विभागातून त्यांच्या घरी गेली. नंतर एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या आणि मी त्यांना पान बनवून दिले.

फोटो निवडतानाच अडचण सुरू झाली. सिकल सेलचा रुग्ण झटका नसताना धडधाकट दिसतो. बाईंकडचे सगळे फोटो मुलगा हसत असलेले, बास्केटबॉल खेळतानाचे. रुग्णालयातला एकच होता आणि तो लावायला मुलाचा ठाम नकार होता. मजकुरात वेदनांबद्दल काय लिहावे यावरही बाई अडखळल्या, कारण आपत्कालीन विभागात मुलाने वेदनाशामक मागितले की हा नशेसाठी मागतो आहे असा संशय घेतला जातो, हे त्यांनी अनेकदा सोसलेले आहे. लोकांनी पानावरही तसेच म्हटले तर काय, ही त्यांची भीती होती. ही भीती निराधार नाही. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आणि निवासी डॉक्टरांच्या पाहणीत निम्म्या जणांना, कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते यांसारख्या जैविक फरकांविषयीच्या खोट्या समजुतींपैकी निदान एक तरी खरी वाटत होती, आणि अशा समजुती बाळगणारे लोक कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी धरत होते. शिकलेले डॉक्टर जिथे असे मानतात तिथे पान चाळणाऱ्या लोकांचे काय सांगावे?

उद्दिष्ट किती ठेवायचे यावरही आमचा वाद झाला. बिलांची बेरीज मोठी होती, पण एवढा आकडा पाहून चर्चमधले लोक काय म्हणतील म्हणून बाईंनी तो निम्म्यावर आणला. गणितींनी ‘उद्दिष्टच कमी ठेवल्यामुळे’ असे लिहिले आहे, त्याचे मूळ अनेकदा अशा संकोचात असते.

पैसे आले ते दहा, पंधरा, वीस डॉलरच्या रकमांनी. देणारे बहुतेक चर्चमधले आणि त्याच ठेकेदाराकडे काम करणारे. देणाऱ्यांची संख्या लहान नव्हती, पण बेरीज वाढत नव्हती. त्यात एक तिढा असा आहे, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गोफंडमी प्रत्येक देणगीमागे २.९ टक्के आणि वर ३० सेंट एवढे व्यवहारशुल्क कापते. शंभर डॉलरच्या देणगीतून ३ डॉलर २० सेंट जातात, म्हणजे ३.२ टक्के. दहा डॉलरच्या देणगीतून ५९ सेंट जातात, म्हणजे जवळजवळ ६ टक्के. ज्याचे दाते गरीब त्याच्या पैशातून कपात दामदुप्पट.

त्याच सुमारास आमच्या भागात एका मराठी विद्यार्थ्याचा गाडीचा अपघात झाला. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पान आले, इतर शहरांतल्या मंडळांनी ते पुढे पाठवले आणि दोन दिवसांत उद्दिष्ट पूर्ण होऊन ते वाढवावे लागले. त्या मुलाला गरज होतीच, मीही दिले. पण दोन्ही पाने एकाच संगणकावर पाहिलेली असल्यामुळे हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

सडेतोड

जॉर्जियावासी, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले, तरीही एक प्रश्न विचारतो. माणूस आपल्या माणसाला मदत करतो यात वर्णभेद कुठे आला? मराठी माणसाने मराठी विद्यार्थ्याला पैसे दिले, गोऱ्याने गोऱ्याला दिले, तर त्यात कोणी कोणाचे काही हिरावून घेतलेले नाही. दान ऐच्छिक असते. त्याचे लेखापरीक्षण करून दात्याला अपराधी वाटायला लावले तर उद्या कोणी देणारच नाही.

पिंपळपान

सडेतोड, दात्यांना बोल लावण्याचा माझा हेतू नाही आणि मूळ लेखात तसे एकही वाक्य नाही. आपल्या माणसाला देणे स्वाभाविक आहे. आक्षेप आहे तो या स्वाभाविक गोष्टीवर उपचारांची व्यवस्था टेकवण्याला. २०१८ मध्ये मिशिगनमधील एका रुग्णालयाने हृदयप्रत्यारोपणाची गरज असलेल्या एका स्त्रीला पत्र पाठवून, प्रत्यारोपणानंतरच्या औषधांची आर्थिक तजवीज नसल्यामुळे तूर्त यादीत घेता येत नाही असे कळवले, आणि १०,००० डॉलर जमवण्यासाठी निधीसंकलन करण्याची शिफारस केली. ते पत्र समाजमाध्यमांवर पसरल्यावर पैसे झटपट जमले. म्हणजे वैद्यकीय यादीत नाव लागणे हे लोकांच्या मर्जीवर, आणि त्याहून जास्त रुग्णाच्या ओळखींवर अवलंबून राहिले. ज्याचे पत्र पसरत नाही त्याचे काय होत असेल?

आता ‘कोणी कोणाचे हिरावून घेतले नाही’ याबद्दल. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या इच्छेवर सोडला. आजही टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, दक्षिण कॅरोलिना, टेनेसी ही राज्ये पूर्ण विस्तारापासून दूर आहेत. नकाशावर ही राज्ये शोधा आणि कृष्णवर्णीय लोकसंख्या कुठे दाट आहे तेही पाहा. जनगणना विभागाच्या २०१७ च्या आकडेवारीनुसार वैद्यकीय कर्ज असलेल्या कुटुंबांचे प्रमाण कृष्णवर्णीयांत सुमारे २८ टक्के आणि हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्यांत सुमारे १७ टक्के होते. सरकारने हात काढून घेतला आणि ती जागा ओळखींनी भरायची असे ठरले, तर ज्यांच्या ओळखी सधन नाहीत त्यांचे निश्चितच हिरावले गेले आहे. ते दात्याने हिरावलेले नाही, एवढेच.

शुश्रूषा

चर्चेत एक दुवा जोडू इच्छिते. आजारपणासाठी आपसांत पैसा उभा करण्याची परंपरा अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात फार जुनी आहे. रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी फिलाडेल्फियामध्ये ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ १७८७ मध्ये स्थापन केली. सभासदांनी वर्गणी द्यायची आणि आजारी, विधवा, अनाथ यांना त्यातून आधार द्यायचा, अशी तिची रचना होती. १७९३ मध्ये त्या शहरात पीतज्वराची साथ आली तेव्हा याच संस्थेच्या लोकांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. पुढे मिसिसिपीतील माउंड बायू या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावात ‘नाइट्स अँड डॉटर्स ऑफ टेबोर’ या बंधुसंघाने १९४२ मध्ये स्वतःचे टेबोरियन रुग्णालय उघडले. टी. आर. एम. हॉवर्ड हे तिथले पहिले मुख्य शल्यचिकित्सक. शेतावर राबणारी माणसे वर्षाची ठरावीक वर्गणी भरत आणि त्या बदल्यात भरती होऊन उपचार घेण्याचा त्यांना हक्क असे.

हक्क, हे इथे महत्त्वाचे. टेबोरियन रुग्णालयात भरती होण्यासाठी कोणाला आपली कहाणी शेजाऱ्याच्या कहाणीपेक्षा अधिक हृदयद्रावक करून सांगावी लागत नव्हती. वर्गणीची पावती पुरेशी होती. गोफंडमीला अनेकजण परस्परसाहाय्याचे नवे रूप म्हणतात, तेव्हा हा फरक नजरेआड होतो. तिथे प्रत्येक रुग्ण दुसऱ्या रुग्णाशी लक्ष वेधून घेण्याच्या स्पर्धेत असतो. करोनाच्या साथीत हे उघड दिसले. इग्रा, केनवर्दी आणि सहकाऱ्यांनी २०२० च्या पहिल्या सात महिन्यांतील करोनाशी संबंधित पावणेदोन लाखांच्या आसपास मोहिमा तपासल्या. त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक मोहिमांना काहीच मिळाले नव्हते.

आणि सिकल सेलचा उल्लेख आलाच आहे म्हणून आणखी एक सांगते. अमेरिकेत या आजाराचे सुमारे एक लाख रुग्ण आहेत आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत. सिस्टिक फायब्रोसिस हा मुख्यतः फुप्फुसांना ग्रासणारा दुसरा आनुवंशिक आजार प्रामुख्याने गोऱ्यांत आढळतो आणि त्याचे रुग्ण संख्येने निम्म्याहूनही कमी आहेत. दोन्ही आजार आयुष्य कमी करणारे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत खासगी प्रतिष्ठानांचा दर रुग्णामागचा खर्च सिस्टिक फायब्रोसिससाठी सिकल सेलच्या सुमारे ७५ पट निघाला. दानशूरांचा पैसा इंटरनेट नव्हते तेव्हाही सधन ओळखींच्याच वाटेने जात होता. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सिकल सेलवरच्या दोन जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली खरी, परंतु त्यांच्या किमती अनुक्रमे २२ लाख आणि ३१ लाख डॉलर जाहीर झाल्या. दहा-दहा डॉलरच्या देणग्यांनी तिथपर्यंत पोहोचणे शक्य नाही.

मुळशीकर

आपल्याकडेही ‘केटो’, ‘मिलाप’ यांच्यावर हेच चालते की. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या दुर्मीळ आनुवंशिक आजारावरील औषधासाठी सुमारे १६ कोटी रुपये लोकांनी उभे केले आणि केंद्र सरकारने करही माफ केले, ते सर्वांना आठवत असेल. त्याच आजाराच्या गडचिरोलीतल्या बाळाचे पान इंग्रजीतून कोण लिहिणार? जातीचा प्रश्न तर आणखी पुढचा.

पिंपळपान

मुळशीकर, मुद्दा मोलाचा आहे. पण आपल्याकडच्या जातीच्या आणि भाषेच्या बाजूवर हातात अभ्यास न घेता दोन ओळींत काही ठोकून देणे योग्य होणार नाही. तुम्ही स्वतंत्र धागा काढावा, मी तिथे नक्की येईन. इथे अमेरिकेपुरतेच राहू या.

जॉर्जियावासी, तुमच्या सहकारी बाईंचे पुढे काय झाले? आणि बिलिंगमध्ये काम करणारी व्यक्ती म्हणून, पान बनवण्याआधी रुग्णाने काय करावे असे तुम्ही सांगाल? इथे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या ओळखीत असे कोणी ना कोणी असेल.

जॉर्जियावासी

पान अजून उघडे आहे, उद्दिष्ट पुरे झालेले नाही. पण मी त्यांना आधी ज्या गोष्टी सांगायला हव्यात त्या सांगितल्या, आणि त्यांचा उपयोग पानापेक्षा जास्त झाला.

पहिली गोष्ट रुग्णालयाच्या आर्थिक साहाय्याची. अमेरिकेतील धर्मादाय, म्हणजे नफा न कमावणाऱ्या, रुग्णालयांना २०१० च्या कायद्यानुसार लेखी साहाय्य-धोरण ठेवावेच लागते. घरी गेल्यानंतरचे पहिले बिल निघाल्यापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, आणि पहिल्या १२० दिवसांत रुग्णाला कोर्टात खेचणे किंवा त्याच्या पगारावर टाच आणणे यांसारखी टोकाची वसुली रुग्णालयाला सुरू करता येत नाही. हा अर्ज बिलाच्या मागे बारीक अक्षरांत नमूद असतो आणि लोक तो न वाचताच पान उघडायला धावतात. किती माफी मिळेल हे त्या त्या रुग्णालयाच्या धोरणावर ठरते. नफ्यासाठी चालवलेल्या रुग्णालयांना हे बंधन नाही. बाईंच्या मुलाच्या दोनपैकी एका भरतीचे बिल अर्जानंतर बहुतांश माफ झाले. दुसरे बिल वेगळ्या डॉक्टर-गटाचे होते, तो गट रुग्णालयाच्या धोरणात येत नाही, त्यामुळे ते तसेच राहिले. अर्ज करताना कोणकोणते डॉक्टर धोरणात येतात त्याची यादी मागून घ्यावी.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मुलाने अपंगत्वाच्या आधारावर ‘एसएसआय’ या सरकारी भत्त्यासाठी अर्ज केला आहे. तो मंजूर झाला तर आमच्या राज्यात त्यासोबत मेडिकेडही मिळते, आणि सिकल सेलच्या रुग्णाला खरी गरज त्याचीच असते. परंतु या भत्त्यासाठी एकट्या व्यक्तीजवळची मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरच्या वर असून चालत नाही. पानाचे पैसे मुलाच्या खात्यात साठले आणि ही मर्यादा ओलांडली गेली, तर चर्चमधल्या लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेल्या पैशापायी कायमचा आधार हातचा जाऊ शकतो. उपचारांचे पैसे कोणी थेट रुग्णालयाला भरले तर ते सहसा रुग्णाचे उत्पन्न धरले जात नाही. म्हणून आता बाईंनी चर्चच्या लोकांना पानावर देण्याऐवजी बिलाचा खाते क्रमांक टाकून थेट रुग्णालयाच्या नावे चेक द्यायला सांगितले आहे. त्यात गोफंडमीचे ३० सेंटही वाचतात. मोठी रक्कम जमण्याची शक्यता असेल तर आधी मोफत कायदेसाहाय्य केंद्रातल्या वकिलाकडून अपंग व्यक्तीसाठीच्या विशेष ट्रस्टची चौकशी करावी, आणि पान त्यानंतर उघडावे.

बाईंनी एसएसआयच्या अर्जाला वेदनांच्या झटक्यांची नोंदवही जोडली आहे. झटका किती वाजता आला, किती वेळ राहिला, आपत्कालीन विभागात किती तास थांबवून ठेवले, असे सगळे त्यात मुलाच्या हस्ताक्षरात आहे. सुनावणीची तारीख आली की इथे कळवेन.